काच मी बघतो

आमची ही ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाली ती काचेमुळे. सकाळी साडेआठचं ऊन समोरून आलं, पुढची काच दुधासारखी पांढरी झाली, आणि हिने मैदानाच्या मधोमध गाडी थांबवून शेजारी बसलेल्या परीक्षकसाहेबांनाच विचारलं, "आपण आत्ता नक्की कुठे आहोत?" साहेबांनी 'नापास' लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'दृष्टी तपासून घ्यावी.'

शेरा हिच्या फार मनाला लागला. एक तर तिला बँकेत बढती मिळून गावाबाहेरची शाखा मिळाली होती आणि तिथे बस जात नाही. लायसन्स नाही तर बढती नाही, असा सरळ मामला. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली आणि रिपोर्ट माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, माझे डोळे त्यांच्यापेक्षा चांगले आहेत. आता काच बघा."

"काच मी बघतो," मी म्हणालो. (लग्नाला सतरा वर्षं झाली. 'मी बघतो' असं मी म्हटलं की घरातली माणसं अजूनही हळूच प्लंबरचा नंबर शोधायला लागतात.)

दुसरी टेस्ट सोमवारी होती. शनिवारी दुपारी मी बादली, साबण आणि अर्धा डझन फडकी घेऊन खाली उतरलो. गाडी उन्हात उभी होती. म्हटलं, बरंच झालं, काच लवकर वाळेल. वाळली. इतकी लवकर वाळली, की मी पुसत पुसत उजव्या टोकाला पोचेपर्यंत डाव्या टोकाला साबणाचे पट्टे उमटून पक्के झालेले असायचे.

मग मी रद्दी आणली. वर्तमानपत्राने काच लखलखते, असं आमचे हेडक्लार्क नेहमी सांगतात. (त्यांच्याकडे गाडी नाही, हे मला नंतर आठवलं.) शाई काचेला लागली, काचेवरून माझ्या बोटांना आणि बोटांवरून गाडीच्या पांढऱ्या छताला. छतावर माझे दहाही ठसे असे स्वच्छ आले होते, की पोलिसांनी जपून ठेवावेत.

त्यानंतर अर्धी बाटली स्प्रे मारला. आता पट्टे गेले आणि त्यांच्या जागी सगळीकडे सारखं धुकं पसरलं. याला मी प्रगती समजलो आणि खालच्या कोपऱ्याकडे वळलो.

पुढची काच आणि डॅशबोर्ड जिथे मिळतात, तो कोपरा गाडी बनवणाऱ्यांनी माणसाचा हात न बघताच बनवलेला असतो. मी ड्रायव्हरच्या दारातून आत शिरलो, स्टिअरिंगवर पालथा पडलो आणि हात लांबवला. फडकं कोपऱ्यात पोचलं. त्याच वेळी माझं पोट हॉर्नवर पोचलं. मागे सरकावं, तर खांदा काचेखाली अडकलेला. हॉर्न वाजतोय, मी आत, पाय दाराबाहेर, आणि सोसायटीच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडताहेत.

वॉचमन आला. त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"साहेब, कुणाला बोलावताय का?"

"नाही."

"मग हॉर्न?"

"तो पोटाने वाजतोय. मी काच पुसतोय."

त्याने वाकून नीट बघितलं. "कुठली?"

शेवटी त्याने माझे दोन्ही घोटे धरून मला बाहेर ओढलं. तोवर सासूबाई खाली आल्या होत्या. आमच्या सासूबाईंची तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचेच्या पट्ट्या पुसण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात गेली. काचेवरचा डाग बघून त्या माणसाचा आजार सांगायच्या. त्यांनी गाडीची काच बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, हे फडकं कशात धुतलंत?"

"मशीनमध्ये. सॉफ्टनर घालून," मी अभिमानाने सांगितलं. घरातलं धुणं माझ्याकडे आहे. "वास घेऊन बघा."

"वास छान आहे. पण त्या सॉफ्टनरचा तवंग फडक्यावर बसतो आणि फडक्यावरून काचेवर. तुम्ही काच पुसत नाही आहात, माखताय." त्यांनी डॅशबोर्डवर एक बोट फिरवलं. "आणि हे चकचकीत काय लावलंय?"

"पॉलिश. दर रविवारी लावतो."

"उन्हात तापून तेच उडतं आणि काचेवर जाऊन बसतं. म्हणजे पोरीला नापास कुणी केलं?"

वॉचमन माझ्याकडे बघायला लागला.

रविवारी सकाळी गाडी सावलीत घेतली आणि सासूबाईंनी स्टूल टाकून शिकवणी सुरू केली. आधी मला डॅशबोर्डवरचं पॉलिश तीनदा पुसून काढायला लावलं. मग नुसत्या गरम पाण्यात धुतलेलं फडकं हातात दिलं. ते इतकं पिळायचं, की एक थेंब पडता कामा नये. मी पिळलं. "अजून," त्या म्हणाल्या. मी अजून पिळलं. "अहो, राग काढल्यासारखं पिळा." तेव्हा कुठे जमलं.

"आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. म्हणजे पट्टा राहिला, तर तो कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. वाळायची वाट बघू नका."

"आणि तो कोपरा?"

"हात उलटा करा. तळवा वर, फडकं बोटांच्या पाठीवर. पोट कशाला घालता मध्ये?"

हात उलटा केला आणि अलगद कोपऱ्यात गेला. खरं सांगतो, ऑफिसात परमनंट झालो त्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. सासूबाईंनी काचेवर तोंडाने वाफ सोडून तपासलं, तिरकं बघितलं, खालून बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, "पास."

संध्याकाळी आम्ही तिघं गाडीत बसून समोरची भिंत बघत होतो. भिंतीत बघण्यासारखं काही नाही, पण तिच्यावरची मुंग्यांची रांगसुद्धा दिसत होती. मग ही म्हणाली, "अहो, छान केलंत." माझी कॉलर आपोआप ताठ झाली.

सोमवारी साडेआठला ऊन थेट समोरून आलं आणि काचेतून सरळ पार गेलं. सासूबाई बाकावर बसल्या, मी कुंपणाला जाऊन चिकटलो. गाडी इतकी सुंदर वळली, चढावर इतकी अलगद थांबली, की मला राहवेना. मी दोन्ही हातांनी खुणा करायला लागलो. क्लच. ब्रेक. आता डावीकडे. गेल्या वेळीही मी हेच करत होतो, पण त्या धुक्यातून बिचाऱ्या परीक्षकसाहेबांना मी दिसलोच नव्हतो. या वेळी मी त्यांना शर्टातून डोकावणाऱ्या बनियनच्या बाहीसकट दिसलो.

गाडी कुंपणापाशी थांबली. साहेबांनी बाजूची काच खाली केली.

"बाई, हे गृहस्थ तुमचे कोण?"

बाहेरून खुणा करून मदत केली की टेस्ट रद्द, अशी पाटी मी तेव्हा प्रथम वाचली. हिने माझ्याकडे शांतपणे, त्या निर्मळ काचेतून बघितलं.

"कोण जाणे. मीही मघापासून बघतेय, पण नेमकं उलट सांगताहेत."

साहेब हसले आणि त्यांनी गाडी पुढे घ्यायला सांगितलं. मला गार्डने दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. दहा मिनिटांनी ही पास होऊन बाहेर आली. शेजारी लायसन्सवाल्या सासूबाई होत्या, आणि परीक्षकसाहेब फाटकात उभे राहून अजून बघत होते. त्यामुळे तिला थांबता येईना. तिने व्यवस्थित इंडिकेटर दिला, वळली आणि निघून गेली.

मी रस्त्यावर उभा. गार्डला माझी दया आली असावी. आत जाऊन तो एक कागद घेऊन आला.

"काका, हा लर्निंगचा फॉर्म. लाजू नका, तुमच्यापेक्षा मोठी माणसं येतात इथे. त्या बाईंसारखं आधी नीट शिकून या."

नाही म्हणणं बरं दिसेना. मी फॉर्म घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि बसस्टॉप कुठे आहे ते त्यालाच विचारलं.