घूसमावशीला न पटलेली मालिका

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती, चिंचेची दोन झाडं होती आणि एक टीव्ही होता. नदीला पाणी कधी असे, कधी नसे. टीव्ही मात्र रोज चालू असे. तो सिंहमहाराजांनी वडाच्या पारावर बसवून दिला होता आणि त्याच्या डोक्यावर महाराजांचं नाव टीव्हीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

त्या जंगलात डुलमुळी नावाची एक मुळी मिळे. चघळली की डोकं हलकं होई, पाय जड होत आणि चघळणारा दिवसभर डुलत बसे. ससा डुलला तर फारसं बिघडत नाही. तो जमिनीवरच असतो. पण खारींची पिल्लं डुलू लागली आणि फांद्यांवरून टपाटप पडू लागली. म्हणून मुळीवर बंदी आली. बंदी आल्याबरोबर मुळी सगळीकडे मिळू लागली.

ती कोण आणतं आणि कसं आणतं, हे शोधण्याचं काम साळिंदर हवालदारांकडे होतं.

हवालदार शाळेत गेले नव्हते. लिहायला ते स्वतःच शिकले होते. रोज संध्याकाळी अंगावरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि वहीत लिहायचं. कोण कुठून आलं, कुठे गेलं, डोक्यावर कसली टोपली होती. अशा सतरा वह्या झाल्या होत्या. पाठीवरचे काटे त्या मानानं विरळ झाले होते.

अशात टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. नाव होतं ‘मुळीचा बादशहा’. बनवणारा होता वानर. तिच्यात बिबट्या तस्करांचा म्होरक्या होता आणि मोर इन्स्पेक्टर. बिबट्या गुहेत सोन्याच्या आसनावर बसे. मोर कड्यावरून उडी मारी, हवेतच पिसारा फुलवी आणि खाली उतरेपर्यंत सहा जणांना बेड्या घाली.

सगळं जंगल पारावर जमू लागलं. महाराज सर्वांत पुढे बसत. आठ दिवस मालिका पाहून त्यांनी हवालदारांना बोलावलं.

“हवालदार, तो मोर बघा. एका भागात सहा पकडतो. तुम्ही तीन वर्षांत किती पकडलेत?”

“पुरावा जमवतोय, महाराज.”

“मोर कधी पुरावा जमवतो का?”

“नाही, महाराज.”

“मग? मालिकेचे बारा भाग उरलेत. शेवटच्या भागापर्यंत म्होरक्या सापडला तर ठीक. नाहीतर चौकी मोराला देणार.”

हवालदारांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन हे संभाषणही वहीत लिहिलं. चौकी म्हणजे जांभळाखालची एक ढोलीच होती. पण त्यांचं आयुष्य तिच्यात गेलं होतं.

संध्याकाळी मोर स्वतःच ढोलीपाशी आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “हवालदार, पकडा हो लवकर. मला ती चौकी नको. खरा तस्कर समोर आला तर मी पिसं तिथंच टाकून पळेन.”

“उड्या तर छान मारता.”

“खाली गवताची गादी असते, हवालदार.”

दुसऱ्या दिवसापासून हवालदारही मालिका बघायला जाऊ लागले. महाराजांना काय हवंय ते तरी कळावं, एवढाच हेतू. जागा मिळाली ती सातव्या रांगेत, घूसमावशीच्या शेजारी.

घूसमावशी म्हणजे जंगलातली सर्वांत भली बाई. बाजारात चिंचेचे गोळे विकायची. कुणाकडे बारसं असो की तेरावं, मावशी आधी हजर. मालिका बघतानाही तिचे हात रिकामे नसत. मांडीवर कापूस घेऊन ती देवाच्या वाती वळत बसे.

पडद्यावर बिबट्याचे साथीदार मुळीची पोती पाठीवर बांधून नदीत उतरले. सगळ्यांनी श्वास रोखला. मावशीच्या तोंडून मात्र ‘च्’ असा आवाज आला.

“काय झालं, मावशी?” हवालदारांनी विचारलं.

“काही नाही बाई. पाण्यातून नेतायत.”

“मग?”

“ओली झाली की मुळीला वास सुटतो. कोसभर जातो. या बनवणाऱ्यांनी कधी मुळी हातात तरी घेतलीय का?”

हवालदार पडद्याकडेच बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “मग काय करायला हवं होतं?”

“आधी राखेत लोळवायची. मग चिंचेत. चिंचेपुढे कुणाचं नाक चालत नाही.” मावशी थांबली. “असं आपलं ऐकलंय हो. कुणीतरी म्हणत होतं.”

“खरं आहे,” हवालदार म्हणाले. “मलाही एक खटकतंय. मघाशी मोरानं माल पकडला, पण पंचनामा कुठे केला?”

मावशीनं वात खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तेच तर. पंच नाहीत, सही नाही, सील नाही. उद्या कोर्टात दोन मिनिटांत सुटतील सगळे. तुम्ही बरं बोललात.”

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. परक्या घरचा स्वयंपाक दोन सुगरणींना एकदमच नावडावा, तसं झालं. मावशी तस्करांच्या चुका काढी, हवालदार पोलिसांच्या. घरी जाऊन हवालदार दोन्ही लिहून ठेवत.

एका भागात तस्कर अमावस्येला डोंगराआडून गेले. मावशी हसली. “रात्री जायचं कशाला? रात्री जो दिसेल त्याला हटकतात. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चौकीसमोरून जावं. जाताना हवालदारांना रामराम घालावा.”

“मला बरेच जण घालतात,” हवालदार म्हणाले.

“घालणारच. तुम्ही माणूस चांगले.”

पुढे एका भागात गुहेतलं गोदाम दाखवलं. मावशीला ते अजिबात सहन झालं नाही. “अहो, गुहेत ओल असते. माल आठ दिवसांत कुजेल. चुलीच्या पाठीमागं, कोरड्या भिंतीत ठेवतात. आणि तो बिबट्या बघा, कसा डरकाळ्या फोडतोय. धंदा करायचा तर आवाज चढवून चालतं का? चार घरी जाऊन यावं, ख्यालीखुशाली विचारावी.”

त्या संध्याकाळी हवालदारांनी जुन्या वह्या काढल्या. नवव्या वहीत होतं, जंगलात चिंचेची झाडं दोन. तेराव्या वहीत होतं, एकावर वीज पडली. सतराव्या वहीत होतं, दुसऱ्याला यंदा बहर नाही. आणि प्रत्येक बाजाराच्या दिवसापुढे तेच वाक्य होतं. घूसमावशी, चिंचेच्या गोळ्यांची टोपली, चौकीवरून गेली, रामराम केला.

हवालदारांनी काटा खाली ठेवला. वाईट वाटलं. मालिका बघायला अशी सोबत पुन्हा मिळणार नव्हती.

शेवटच्या भागाच्या दिवशी बाजार होता. मावशी दुपारी चौकीसमोरून निघाली.

“रामराम, हवालदार.”

“रामराम, मावशी. एक गोळा बघू.”

हवालदारांच्या मागे कासव आणि टिटवी उभी होती. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

“पंच आणलेत वाटतं.”

“आणलेत.”

“बरं केलंत.”

गोळा फोडला. आत राख होती, राखेत मुळी होती. वर फक्त बोटभर जाडीचं जुन्या चिंचेचं लिंपण. हवालदार मांडी घालून पंचनामा लिहू लागले. मावशीही टेकली. कासवाला सही करायला बराच वेळ लागला.

“वाचून दाखवा,” मावशी म्हणाली.

“टोपलीत अंदाजे बारा गोळे...”

“अंदाजे कशाला? चौदा आहेत. मी स्वतः वळलेत.”

हवालदारांनी चौदा केलं. “मावशी, हे सगळं तुम्ही मलाच का हो सांगितलंत?”

“तुम्हाला कुठे सांगितलं? मी त्या वानराला सांगत होते. इतकं चुकीचं दाखवायचं म्हणजे काय? जन्म गेला माझा यात.” तिनं पदर सारखा केला. “चला आता. चुलीमागचा मालही दाखवते. नाहीतर तुम्ही सगळी भिंत पाडाल.”

हवालदार मावशीला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी तिच्यामागे कुणी बिबट्या येतोय का ते पाहिलं.

“ही? ही तर आमच्याकडे हळदीकुंकवाला येते.”

“हो, महाराज.”

“पाठलाग किती केलात?”

“त्या बसल्या होत्या, महाराज.”

“उडी?”

“पंच कासव होते, महाराज.”

महाराज खट्टू झाले. पण माल समोर होता आणि मावशीच सांगत होती की पंचनाम्यात एक अक्षर चुकीचं नाही. चौकी हवालदारांकडेच राहिली. पदक मात्र मोराला मिळालं, कारण त्याच्या छातीवर ते शोभून दिसत होतं. मोरानं रात्री येऊन हवालदारांचे पाय धरले आणि पदक तेवढं स्वतःकडे ठेवलं.

मावशी तुरुंगात गेली. ही बातमी वानरानं ऐकली आणि चौथ्या दिवशी तो तुरुंगाच्या दारात उभा राहिला. मालिकेचं दुसरं पर्व यायचं होतं. त्याला सल्लागार हवा होता.

दुसरं पर्व फार सुंदर झालं. राख बरोबर, चिंच बरोबर, चुलीमागची भिंतसुद्धा बरोबर. मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर मावशीचं नाव झळकलं. हवालदार सातव्या रांगेत वही उघडून बसत. पण आता कुणी ‘च्’ करीना. सगळे माना डोलवत, “काय अभ्यास आहे,” म्हणत.

आणि एका सकाळी खारीची दोन पिल्लं पुन्हा फांदीवरून पडली. कुणीतरी नव्यानं मुळी आणू लागलं होतं. हवालदारांची अठरावी वही कोरी होती.

ते तुरुंगात गेले.

“मावशी, मालिकेत एखादी तरी चूक ठेवा.”

“चूक? पाटीवर माझं नाव येतं, हवालदार.”

“म्हणूनच म्हणतो. सगळं खरं दाखवलंत तर कालची पोरं तुमच्या पद्धतीनं माल नेतील आणि शोध आम्हीच लावला म्हणून मिरवतील.”

मावशी वात वळायची थांबली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या भागात तस्करांनी मुळी राखेशिवायच सुक्या मासळीच्या टोपलीत घातली. जंगल टाळ्या वाजवत होतं. तिसऱ्या रांगेत एका मुंगसानं मात्र ‘च्’ केलं आणि स्वतःशीच म्हटलं, “मासळीत? मांजरं मागे लागतील की.”

हवालदार सातव्या रांगेतून उठले. वाट काढत तिसऱ्या रांगेत आले, मुंगसाशेजारी बसले आणि पाठीवरचा एक काटा उपटला.

“खरंय, भाऊ,” ते म्हणाले. “मग काय करायला हवं होतं?”

तात्पर्य : दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढू नयेत, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, त्यांचं ऐकू नका. खुशाल काढा, मोठ्यानं काढा, बारकाव्यांसकट काढा. शेजारी कोण लिहीत बसलंय तिकडे लक्ष देऊ नका. हवालदारांच्या पाठीवर अजून बरेच काटे शिल्लक आहेत.