रिफअतच्या किटल्यांना लागलेली नजर

"सात दिवस! फक्त सात दिवस!" रिफअतनं सासूबाईंकडे शुक्रवारच्या जेवणाच्या टेबलावर अशी थाप मारली की मुलूखियाच्या पातळ पालेभाजीचं भांडं हिंदकळलं आणि भातावर हिरवा ओघळ आला. "बयूमीला प्रमाणपत्र मिळवायला दहा दिवस लागले. मी सातव्या दिवशी आणून दाखवतो. आणि चौकट त्याच्यापेक्षा वीतभर मोठी करतो!"

समोरच बयूमी बसला होता. बयूमी म्हणजे रिफअतचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची लग्नं एकाच महिन्यातली, आणि अलेक्झांड्रियात मन्शिया भागातल्या एकाच गल्लीत दोघांची दुकानं समोरासमोर. दोघंही बाहेरून विजेच्या वस्तू मागवून विकत. फरक एवढाच, की बयूमी आपलं दुकान सांभाळायचा आणि रिफअत बयूमीचं दुकान बघत बसायचा!

बयूमीनं पंखे आणले की रिफअतची झोप उडे. बयूमीनं पाटी रंगवली की रिफअतला स्वतःची पाटी कळकट दिसू लागे. हे सगळं त्यानं कसंबसं सोसलं होतं. पण गेल्या महिन्यात बयूमीच्या परदेशी किटल्या सरकारी तपासणीत पहिल्या झटक्यात पास झाल्या. बाहेरून आलेली वस्तू देशाच्या मानकांत बसते असं प्रमाणपत्र मिळालं. त्या गृहस्थानं ते सोनेरी चौकटीत घालून भिंतीवर लावलं, आणि लावलं कुठं? रिफअतच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर! मान वर केली की प्रमाणपत्र. खुर्ची फिरवून बसावं तर गिऱ्हाइकाला पाठ दिसते. त्यात घरी इन्शिराह, म्हणजे रिफअतची बायको, रोज बहिणीचं नाव घेऊन म्हणायची, "इख्लासच्या नवऱ्याचं बघा, एका दमात पास!" रिफअत जळून नुसता कोळसा झाला होता.

म्हणून त्यानंही किटल्या मागवल्या. अख्खा कंटेनर भरून! आता तो बंदरात पडला होता. प्रमाणपत्र मिळालं तर माल सुटणार. नमुने तीनदा नापास झाले तर सगळा माल आला तसा परत जाणार, आणि समुद्रावरून थंडीचं वारं सुटलं की गल्लीतलं प्रत्येक गिऱ्हाईक बयूमीकडे वळणार. या विचारानं रिफअत रोज बंदरावर जाऊन कंटेनर बघून यायचा.

"बघा तरी माल!" असं म्हणत त्यानं पिशवीतून नमुन्याची किटली काढून भाताशेजारी ठेवली. चकचकीत पोलादी, लांब मानेची.

बयूमीनं घास थांबवला. "अरे वा! काय झकास आहे रे! माझ्या किटलीपेक्षा देखणी!"

सासूबाईंनी, म्हणजे दौलत हानिमनी, हातातला डाव खाली ठेवला.

"माशाल्ला म्हण," त्या म्हणाल्या. "नाहीतर कौतुकानं नजर लागते."

"हो हो, माशाल्ला, माशाल्ला," बयूमी तोंडात घास असताना म्हणाला.

पण उशीर झाला होता! निदान रिफअतच्या मते तरी. कौतुक आधी, माशाल्ला नंतर, तेही भात चावत! असल्या माशाल्लानं काय होतंय? त्यानं किटली पटकन पिशवीत कोंबली. त्या दुपारी त्याला द्राक्षाच्या पानांत भात भरलेला डोलमाही गोड लागला नाही.

जेवणं आटोपताच तो सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेला.

"आई, काहीतरी करा. नजर लागलीय."

"लागलीय खरी," सासूबाई म्हणाल्या. नजर उतरवण्यात सगळ्या मोहल्ल्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. त्यांनी डब्यातून तुरटीचे तीन खडे काढले. कागदाच्या तीन बाहुल्या कातरल्या, त्यांना सुईनं भोकं पाडली, आणि शाईच्या पेनानं प्रत्येकीवर नाव लिहायला घेतलं.

"कोणाची नजर, ते तुम्हाला ठाऊकच आहे," रिफअत कुजबुजला.

"मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?" त्यांनी लिहिलेलं नाव हातानं झाकून बाहुली तुरटीभोवती गुंडाळली आणि वर दोरा आवळला. अशा तीन पुरचुंड्या झाल्या. "या किटल्यांजवळ ठेव. आणि सोडून बघायच्या नाहीत हं! बघितलं की गुण गेला."

'जवळ' म्हणजे किती जवळ? बयूमीसारख्याच्या नजरेला जवळ पुरेल? रिफअतनं घरी आल्यावर नमुन्याच्या तिन्ही किटल्यांच्या तोटीमागची जाळी उचकटली, एकेक पुरचुंडी आत सारली आणि जाळी बसवून टाकली. बाहेरून कोणाच्या बापाला दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी किटल्या प्रयोगशाळेत देऊन तो थेट चौकटवाल्याकडे गेला आणि माप सांगून आला.

सातव्या दिवशी पत्र आलं. गल्लीतल्या चार जणांना बोलावून रिफअतनं ते त्यांच्यासमोर फोडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर त्याचा आवाज बसला.

नापास! उकळलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम, मर्यादेच्या चाळीसपट!

"पण किटली पोलादाची आहे!" तो ओरडला. "ॲल्युमिनियम आलं कुठून?"

समोरच्या दुकानातून बयूमी धावत आला. "काय झालं रे? मी येऊ का बरोबर? त्या इंजिनियरबाई ओळखीच्या आहेत माझ्या."

ओळखीच्या! रिफअतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक तर नजर, वर ओळख! तो तडक प्रयोगशाळेत गेला. तिथं इंजिनियर नर्मीन नावाच्या बाई होत्या. चष्मा नाकावर, केस घट्ट बांधलेले आणि चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

"पुन्हा तपासा!" रिफअत म्हणाला. "आणि माझ्या साडूची किटलीही शेजारी ठेवून तपासा. तेच पाणी, तीच वेळ, आणि मी समोर उभा! त्याचं पाणी स्वच्छ आणि माझंच घाण, हे होतंच कसं?"

"हाजी, तुमची हरकत असेल तर लिहून द्या. मंगळवारी तुम्हा दोघांसमोर तपासू. पण एक सांगते, ही दुसरी तपासणी धरली जाईल. यातही नापास झालात तर शेवटची एकच संधी उरेल."

रिफअतनं दोन पानं भरून हरकत लिहिली. मग तिथून निघाला तो थेट सासूबाईंकडे.

"आई, नजर भयंकर आहे! आधीची मात्रा पुरली नाही."

"मला तेच वाटलं होतं," सासूबाई उसासा टाकून म्हणाल्या. या वेळी लिंबाएवढे खडे निघाले, बाहुल्या वीतभर झाल्या आणि नाव सात-सात वेळा लिहिलं गेलं. त्या पुरचुंड्या जाळीमागे बसवता बसवता रिफअतची दोन नखं तुटली. पण बसवल्या!

मंगळवारी टेबलावर दोन किटल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीकडे रिफअत छाती काढून उभा, दुसरीकडे बयूमी उगीचच हसत. नर्मीनबाईंनी दोन्हींत सारखं पाणी ओतलं आणि बटणं दाबली.

"तुझी किती वेळात उकळते?" बयूमीनं प्रेमानं विचारलं.

"तू तिकडं बघ! माझ्या किटलीकडं बघू नकोस!"

पाणी उकळलं. बयूमीच्या किटलीतून काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी पडलं. मग बाईंनी रिफअतची किटली वाकवली. आधी काहीच येईना. मग एक फुसकारा आला, आणि भांड्यात निळं पाणी उतरलं. चांगलं निळंशार! धोब्याच्या हौदासारखं!

"हे काय?" नर्मीनबाईंचा चष्मा घसरला.

"कट आहे!" रिफअत किंचाळला. "यानं केलंय! माझ्या किटलीत यानं काहीतरी घातलंय! लिहून घ्या बाई! पोलिसांना बोलवा!"

बयूमीचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे रिफअत, साडू ना मी तुझा? मी कशाला..."

"जळतोस तू माझ्यावर! पहिल्यापासून जळतोस!"

बाईंनी काही न बोलता चिमटा घेतला, जाळी काढली आणि तोटीतून एक भिजलेली पुरचुंडी ओढून बाहेर काढली. दोरा कापला. आतून अर्धा विरघळलेला खडा घरंगळला.

"तुरटी," त्या म्हणाल्या. "तुरटीत ॲल्युमिनियम असतं, हाजी. आणि निळी आहे ती शाई."

रिफअतचा आवाज एकदम खाली आला. आता कट म्हणावं तर पुरचुंडी आपली, आणि आपली म्हणावं तर... पण मग त्याला सुचलं. बाहुलीवर नाव आहेच की! सगळ्यांना कळू दे, कोणाच्या नजरेपायी ही पाळी आली ते!

"ठीक आहे! मीच घातली!" तो म्हणाला. "पण का घातली? वाचा! कागदावर कोणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचा!"

नर्मीनबाईंनी चिमट्यानं कागद उलगडला. शाई ओघळली होती, पण सात वेळा लिहिलेलं नाव एकदा तरी वाचता येतंच.

"रिफअतच्या नजरेपासून," त्यांनी वाचलं. "रिफअतच्या नजरेपासून. रिफअतच्या..."

"पुरे!" रिफअत म्हणाला.

बयूमीनं खिशात हात घातला. मग त्यानं वाळलेली, काळपट पडलेली एक पुरचुंडी हळूच टेबलावर ठेवली. "माझ्या वेळी आईंनी मलाही दिली होती. मी सोडून नाही पाहिली हं! पण किटलीत कोण घालतं रे? मी आपली खिशात ठेवली." बाईंनी तीही सोडली. त्यातही तेच नाव होतं.

प्रयोगशाळेतले दोन मदतनीस खिडकीकडं तोंड करून हसले. रिफअतला वाटलं, आपणही त्या तुरटीसारखं विरघळून जावं.

तासाभरात तो सासूबाईंच्या दारात होता. त्या पडवळ कोरत बसल्या होत्या.

"आई, गफलत झाली! बयूमीसाठी केलेल्या पुरचुंड्या तुम्ही चुकून मला दिल्या!"

"चूक कसली?" त्यांनी मानही वर केली नाही. "बयूमीची किटली यायची होती तेव्हा तिच्यावर डोळा कोणाचा होता? तुझा. तुझा कंटेनर लागल्यापासून रोज बंदरावर जाऊन त्याच्याकडं डोळे फाडून कोण बघतंय? तूच. बयूमीची नजर म्हणशील, तर ती मेली डोलम्याच्या ताटापलीकडे जात नाही. नजरेत दम आहे तो तुझ्याच! तुझ्यापासून तुझ्या किटल्या वाचवायला नकोत?"

रिफअत मटकन उंबऱ्यावर बसला. त्याला बयूमीचा पांढरा पडलेला चेहरा आठवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या माणसाची कीव आली, आणि लगेच स्वतःचीही आली.

तिसऱ्या वेळचे नमुने बयूमी घेऊन गेला. रिफअत घरीच बसला, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून. किटल्या पास झाल्या, माल सुटला. चौकट आधीच सांगून ठेवली होती, वीतभर मोठी. बयूमीनं ती स्वतः आणून दिली आणि दुकानात पाऊल टाकायच्या आधी तीनदा माशाल्ला म्हणाला.

खिळा ठोकायला मात्र सासूबाई जातीनं आल्या. त्यांनी प्रमाणपत्र रिफअतच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे लावलं, मान वळवली तरी दिसणार नाही अशा बेतानं. "गिऱ्हाइकांनी बघायचं," त्या म्हणाल्या, "तू नाही."

आज त्याच्याकडे भरपूर गिऱ्हाईक येतं आणि त्याच्या डोक्यावरून प्रमाणपत्र वाचून खूश होतं. रिफअत खुर्चीत बसलेला असतो. मान वर केली की त्याला अजूनही समोर बयूमीचंच दिसतं.