घरी खानारे किती?

सोनबाजी माळ्याकडून वांगी घ्यायची तर आधी आपल्या घरची खानेसुमारी द्यावी लागे. "घरी खानारे किती?" हा त्याचा पहिला प्रश्न. आकडा सांगितला की तो डोळे मिटे, ओठ हलवी आणि माणशी दोन या हिशेबाने वांगी पुढे करी. तिघांना सहा. सातवे मागितले तर म्हणे, "काहून? कोन येऊन राहिलं?" पाहुण्याचे नाव-गाव सांगता आले, तर सातवे मिळे.

ते दिवसच चमत्कारिक होते. अमेरिकेत लढाई लागली होती. तिथला कापूस विलायतेस पोचेना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. काल घोंगडीवर बसणारे आज गादीवर लोळू लागले. एका पाटलाने बैलांची शिंगे चांदीने मढवली आणि ती कोणी कापून नेऊ नयेत म्हणून स्वतः गोठ्यात निजू लागला. ज्याच्याकडे वीतभर जमीन, त्याने तिच्यात सरकी टोचली. तुळशीवृंदावने तेवढी वाचली, तीही बायकांच्या धाकाने. त्यामुळे अमरावतीत पैसा उदंड आणि भाजी मात्र नाही.

सोनबाजीने बडनेऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या मळ्यात कापसाचे एक बोंडही येऊ दिले नाही. दर रविवारी स्वतः टोपली घेऊन तो बाजारातल्या चिंचेखाली बसे. टोपली व्यापाऱ्याला घालून मोकळा का होत नाहीस, असे कोणी विचारले की म्हणे, "मधी दलाल घातला तं मले खानारा कसा दिसन?"

मी कचेरीत कारकून. पहिल्या रविवारी त्याने मला विचारले तेव्हा मी छाती काढून "चार" म्हणालो. खरे तर मी एकटा होतो. बायको दोन मुलांसह साताऱ्यास होती. वऱ्हाडच्या उन्हात मुले वाळतील, असे सासूबाईंचे मत होते आणि सासूबाईंच्या मतापुढे सरकारचेही काही चालत नसे. पण कचेरीतल्या माणसाने दोन वांगी हातात घेऊन भर बाजारातून जाणे मला कमीपणाचे वाटले. म्हणून दर रविवारी आठ. त्यातली सहा शेजारच्या गवळ्याच्या गाईला. पुढे पुढे तीही मला पाहून तोंड फिरवू लागली.

एका रविवारी कापसाचे दलाल घनश्यामशेठ आले. त्यांचे अत्तर त्यांच्या आधी पोचले. घरी मेजवानी होती.

"ती सगळी टोपली गाडीत टाक."

"खानारे किती?"

"तुला काय करायचंय? पाचशे धर."

"नावं सांगा."

भोवतालच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सोनबाजी मात्र गंभीर. "शेठ, बाकीचे लोक टोपलीची वाट पाहून राहिले. तुमच्या घरी तुमी आन शेठानी. हे घ्या चार. पोट पाहून पाचवं देतो."

आठ दिवसांत कचेरीत अर्ज आला. कापसाच्या गाड्यांना जागा पुरत नाही, सबब चिंचेखालचे भाजीवाले उठवावेत. खाली शेठची सही भली मोठी. साहेबाने हुकूम दिला की ज्यांच्यावर मोठे कुटुंब अवलंबून असेल त्यांना राहू द्यावे, बाकीच्यांना गावाबाहेर हलवावे. विचारपूस करून कागद भरायचे काम माझ्याकडे आले.

मी दौत-कागद घेऊन चिंचेखाली गेलो. सोनबाजी नेहमीसारखा ताठ नव्हता. "गावाबाहेर बसा म्हन्तेत," तो म्हणाला. "वांगे घ्याले येते थ्या म्हाताऱ्या बाया इतक्या दूर येतीन काय?"

नाव झाले, बापाचे नाव झाले, गाव झाले. पुढचा रकाना कुटुंबातल्या माणसांचा. मी गमतीने त्याच्याच शब्दांत विचारले, "घरी खानारे किती?"

त्याने डोळे मिटले. ओठ हलू लागले, बोटांची पेरे मोजून झाली, पुन्हा मोजून झाली. माझ्या टाकावरची शाई वाळली.

"लिहा. एकशे त्रेचाळीस."

"अहो, घरी किती ते विचारतोय."

"थेच सांगून राहिलो. हकिमाचे सात. सुईनबाईचे पाच. घिसाड्याचे सहा, पन त्याच्या सुनेले दिवस गेले, तं सात धरा." असे करत त्याने गल्लीगल्लीने सारे गाव फिरवून आणले. "आन तुमचा एक."

"माझे चार," मी म्हणालो.

"एक. गवळी सांगे मले, गाय वांग्याले कटाळली म्हनून."

मी ओशाळलो. "मग इतके दिवस आठ का देत होता?"

"तुमच्या तोंडून चार निंगाले. म्हटलं, येतीन."

"आणि तुमच्या स्वतःच्या घरी?"

त्याने एक वांगे उचलून धोतराच्या सोग्याने पुसले. ते आधीच चकचकीत होते. "खानारे किती, हे माही बायको इचारे. मी नुसती टोपली वाहे. दोन वर्सं झाले तिले जाऊन. आता मले कोन इचारते?"

मी रकान्यात एकशे त्रेचाळीस लिहिले. साहेबाने आकडा दोनदा वाचला आणि खरा आहे काय म्हणून विचारले. माणसागणिक मोजला आहे, असे मी शपथेवर सांगितले. पौर्वात्य कुटुंबपद्धतीवर साहेब बराच वेळ बोलला आणि असल्या संसारी माणसाला उठवणे क्रूरपणाचे होईल, असा शेरा त्याने मारला. शेठच्या गाड्या उन्हातच उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी सोनबाजीने नेहमीचाच प्रश्न विचारला.

"एक," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि माझ्या उपरण्यात चार वांगी टाकली.

"काहून?" मी म्हणालो. "कोन येऊन राहिलं?"

तो रिकामी टोपली उगाच नीट करत राहिला. मग माझ्याकडे न पाहता, रीतसर म्हणाला, "सोनबा माळी. बडनेऱ्याच्या वाटेवरचा."