मागं हायस का?

वामननाना वाघमारे कधी कुणाच्या बरोबरीनं चालले नाहीत. चहाला निघालो तरी ते हातभर पुढे आणि आपण मागे. चार पावलं झाली की मान न वळवता डाव्या काखेखालून आवाज यायचा, "मागं हायस का?" आपण "हाय" म्हणायचं. नाही म्हटलं तर नाना भररस्त्यात जागच्या जागी थांबायचे आणि आपण त्यांच्या पाठीवर जाऊन आदळायचो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझा चष्मा असा वाकडा झाला. वर नानांनी मलाच सुनावलं, "म्होरच्याचं चाक धरायचं म्हंजे पाठीवर बसायचं न्हाई. हातभर अंतर ठिवावं."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबादहून ट्रकभर फायली आल्या, त्यांच्याबरोबर नाना आले. मी नवाच लागलो होतो. आमचं टेबल एक आणि गल्लीही एक. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. "पाटी आली, शिक्का आला, साहेब आले," नाना म्हणायचे, "पाणी तेवढं उस्मानाबादलाच ऱ्हायलं वाटतं."

तरुणपणी नाना मिरजेकडे एका कारखान्यात होते. त्या कारखान्याचा सायकलींचा संघ होता आणि नानांना पगार मिळायचा तो शर्यतीत सायकल मारण्याचा. मात्र जिंकण्याचा नाही. संघातला जो शेवटी सुसाट सुटणारा गडी असेल, त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला ताजातवाना ठेवायचा, रेषा दिसू लागली की बाजूला व्हायचं, एवढंच नानांचं काम. हे शास्त्र ते मला ऑफिसच्या टेबलावर शिकवायचे. पुढे टाचण्यांचा डबा, मग दौत, मग शिक्का आणि सगळ्यांत मागे पेपरवेट.

"सपाट रस्त्याला शर्यत पायात नसती, वाऱ्यात असती. डबा दमला की बाजूला. मग दौत. मग शिक्का. शिक्का बाजूला झाला की पेपरवेट सुटलाच!"

एकदा असा डाव ऐन रंगात असताना साहेब आले आणि शिक्का मागू लागले. नाना नजरही न उचलता म्हणाले, "साहेब, जरा थांबा. शिक्का वारा खायलाय."

लग्नातही तेच. गल्लीतल्या एका नवरदेवाला गर्दीतून वाट काढत नानांनी थेट बोहल्यापर्यंत नेलं आणि अगदी ऐन वेळी असे झटकन बाजूला झाले की नवरदेव तोल जाऊन नवरीच्या मामाच्या गळ्यात पडला. तिकडचे लोक रागावले. नाना मात्र खूश होते, कारण पोरगा वेळेत पोचला होता.

त्या उन्हाळ्यात मुरुडच्या एका आडत व्यापाऱ्यानं नव्या जिल्ह्याच्या आनंदात सायकल शर्यत ठेवली. लातूरहून निघायचं आणि मुरुडच्या बाजारात संपवायचं. त्याच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी टिकून होतं. जिंकणाऱ्याच्या गल्लीला पाऊस पडेपर्यंत रोज एक टँकर, असं बक्षीस त्यानं लावलं. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर यायचा तो मनात आलं तर. समोरच्या सुमनबाई नातवंडांच्या अंघोळीचं पाणी परातीत धरायच्या आणि त्यातच भांडी विसळायच्या. त्यांनी नानांना दारात गाठलं.

"नाना, लई झालं आता. लेकरांच्या डोस्क्यात उवा पडल्यात. एवढं पाणी आणाच."

झालं. नानांनी संघ काढला. गफूरभाई शिंपी, नाना आणि मी. गफूरभाई टाचण्यांचा डबा, नाना शिक्का आणि पेपरवेट मी. माझे पाय चांगले होते, अक्कल नानांची. रोज ऑफिस सुटलं की आम्ही बार्शी रस्त्याला लागायचो. पश्चिमेचा वारा तोंडावर यायचा, दातांत माती कचकचायची. पण नानांच्या मागे सायकल लावली की ती खरंच हलकी व्हायची, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. त्यांच्या पाठीआड शांत असायचं, अगदी घरात बसल्यासारखं.

एकदा मी विचारलं, "नाना, तुम्ही स्वतः रेषा ओलांडता तेव्हा कसं वाटतं?"

"मी कशाला बघतोय रेषा? आपलं काम त्याच्या आधीच संपतं."

ते सहज म्हणाले, पण मला चुटपुट लागली. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांना पुढे सोडलं आणि गळ्यात एक हार पडला नाही! मी मनाशी ठरवून टाकलं की शेवटी आपण पुढे जायचंच नाही. नानांनाच जिंकू द्यायचं. टँकर तरीही आपल्याच गल्लीत येणार होता.

शर्यत नानांनी टेबलावर मांडली होती तशीच झाली. गफूरभाईंनी मुरुडच्या अलीकडेपर्यंत वारा खाल्ला आणि "नाना, मेरा दम गया" म्हणत ते बाजूला झाले. मग नाना पुढे आले. बाकीचे कधीच मागे पडले होते. खडकातल्या गल्लीचा एक दांडगा पोरगा तेवढा आमच्या मागे धापा टाकत होता. बाजार दिसू लागला. माणसं दुतर्फा उभी होती, हलगी वाजत होती.

"मागं हायस का?" काखेखालून आवाज आला.

मी बोललो नाही. पाय सैल सोडले.

"आरं, मागं हायस का?"

मी ओठ घट्ट मिटले. रेषा त्यांच्यापासून इतकी जवळ होती की पाय न मारताही सायकल पोचली असती. नानांनी करकचून ब्रेक दाबला, भररस्त्यात सायकल फिरवली आणि उलटे माझ्याकडे निघाले. आमच्या दोघांच्या मधून खडकातल्या गल्लीचा पोरगा निघून गेला आणि पलीकडे एकच ओरडा झाला.

नानांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल टाकून ते माझे गुडघे चाचपू लागले.

"कुठं लागलं?"

"कुठंच नाही, नाना."

"मग बोलला का न्हाईस?"

मी खरं ते सांगितलं. नाना मैलाच्या दगडावर बसले. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

"मी जिंकलोय एकदा," ते म्हणाले. "जिनप्पा म्हणून आमचा गडी होता. मी वारा खायचो, त्यो जिंकायचा. एका शर्यतीत शेवटाला विचारलं, मागं हायस का? जबाब आला न्हाई. म्हणलं, लोकांच्या कालव्यात ऐकू आलं नसंल. दाबलं पायडल. बघतो तर मीच पहिला! लोकांनी खांद्यावर घेतलं, हार घातला. अन् जिनप्पा मागं नालीत पडला होता, खुबा मोडून. माझ्याच नावानं हाका मारत."

"मग?"

"हार गळ्यात तसाच घिऊन दवाखान्यात पळालो. मला बघून हसला की त्यो. म्हणला, जिंकलास व्हय रं? त्यो हसला, तेच लई लागलं."

"आता कुठे असतात ते?"

"हाय की. मिरजेला पानपट्टी हाय. लंगडतो अन् मला शिव्या देतो." नाना उठले आणि सायकल उचलू लागले. "तवापासून जबाब आल्याबिगर मला म्होरं जाववत न्हाई."

गल्लीच्या तोंडाशी सुमनबाई घागर घेऊन उभ्या होत्या. नाना म्हणाले, "माझ्यामुळं गेलं." मी म्हणालो, "माझ्यामुळे." बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कुणामुळं का जाईना. पाणी कवा आणताव ते सांगा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हरंगुळच्या एका ओळखीच्या विहिरीवर डबे बांधून जाऊ लागलो. नानांचा हिशेब सरळ होता. जाताना वारा तोंडावर पण डबे रिकामे, येताना डबे भरलेले पण वारा पाठीवर. हळूहळू गल्लीतल्या आणखी सायकली रांगेला लागल्या. पुढे नाना असायचे. "मागं हायस का?" आला की "हाय" मागे मागे सरकत शेवटच्या सायकलीपर्यंत जायचं, मगच नाना पायडल मारायचे. पाऊस पडेपर्यंत हे चाललं. त्या पोरांच्या डोक्यातल्या उवा गेल्या, हे सुमनबाईंनी मुद्दाम येऊन सांगितलं.

आता मीही निवृत्त झालोय. नाना ऐंशीच्या पुढे गेले. गुडघ्यांनी जबाब दिला. त्यांनी लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं कुणी नाही. दर महिन्याला मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेतो. आता वारा मी खातो आणि विचारतोही मीच, "नाना, मागं हाव का?" ते "हाय" म्हणतात.

परवा नेहमीसारखं विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. बार्शी रस्त्याच्या कडेला स्कूटर कशीबशी थांबवली, उतरलो आणि मागे वळलो. नाना सीटवर ताठ बसून बोळक्या तोंडानं हसत होते.

"काय हे नाना! बोलला का नाही?"

"बघत होतो," नाना म्हणाले, "थांबतोस का ते."