पलीकडे जायच्या दोन वाटा

चष्म्याच्या दुकानात काउंटरखाली एक पांढरा डबा होता. त्यावरचा हिरवा दिवा एरवी दर दीड-दोन सेकंदांनी एकदा मिचकायचा. सोमवारी सकाळी तो इतक्या वेगाने लुकलुकत होता की सलग पेटल्यासारखा दिसत होता. दुकान चालवणाऱ्या ताईंना वाटलं, आज काम जोरात चाललंय.

प्रत्यक्षात काम तसूभरही हललं नव्हतं. दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि भिंगं घासायचा कारखाना पलीकडे. ताईंनी इथे डोळ्यांचा नंबर टाइप केला की दोन गच्च्यांवरच्या बशीएवढ्या अँटेना तो हवेतून धाकट्या भावाकडे पोचवत. तीन वर्षांपूर्वी "तुझ्या मशीनच्या घरघरीत मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही," असं ताई बोलून गेल्या आणि भाऊ त्याच आठवड्यात मशीन उचलून समोर गेला. 'परत ये' हे शब्द रोज ताईंच्या ओठांपर्यंत येत आणि तिथूनच माघारी फिरत. अँटेना असल्यावर बोलण्याची गरजही पडत नसे.

"दोन वाजता ड्यूटी आहे मॅडम," बाकावरचा बसचालक म्हणाला. त्याचा चष्मा बसखाली सापडून चुरडला होता. बस त्याचीच होती. "चष्म्याशिवाय गाडी देत नाहीत."

"देऊही नये," ताई म्हणाल्या.

नंबर पलीकडे पोचेनात म्हणून बोलावलेली नेटवर्कवाली आली, गुडघे टेकून बसली आणि लॅपटॉप जोडून बराच वेळ बघत राहिली. "पलीकडे जायला वाटा किती?"

"एक."

"मला दोन दिसताहेत."

ताई जरा चपापल्या. कारखान्याशेजारच्या इमारतीला रंगकामासाठी परांची बांधली होती. तिची ताडपत्री वाऱ्याने फुगून अँटेनांच्या मध्ये येई आणि लिंक तुटे. भावाला सांगायचं म्हणजे पडतं घेणं आलं. म्हणून शनिवारी, भाऊ सासुरवाडीला गेला असताना, ताईंनी आपल्याकडच्या किल्लीने कारखाना उघडला आणि जिन्याच्या खिडकीत दुसरी अँटेना बसवून घेतली.

नेटवर्कवालीने भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि तिकडे काही बदल केलात का, असं विचारलं.

"मी कशाला काय करतोय?" भाऊ म्हणाला. "रविवारी जुनी अँटेना उंच पाइपवर चढवली, एवढंच. ताईला सांगितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं तिनं."

"ऐकतेय मी," ताई म्हणाल्या.



"आता दोन्ही वाटा चालू आहेत. डबे एकमेकांना हाळी घालतात, ती एका वाटेनं जाते, दुसरीनं परत येते, पुन्हा निघते," नेटवर्कवाली म्हणाली. "वाट तुंबलीय नुसती. तुमच्या नंबराला पाय ठेवायला जागा नाही. दोन्हीकडच्या डब्यांनाच आपसात ठरवू देऊ. एक वाट बोलेल, दुसरी गप्प बसेल. पहिली तुटली की दुसरी बोलेल. फक्त त्यांच्यात एक डबा मुख्य लागतो. ज्याचा क्रमांक लहान, तो मुख्य."

"म्हणजे धाकट्याचं चालणार?"

"वयाचा नाही हो, डब्याचा क्रमांक. पण हो, लहान क्रमांक कारखान्यातल्या डब्याचाच आहे."

फोनमधून समाधानाचा खाकरा आला.

"हातानं बदलता येतो?" ताईंनी विचारलं.

"येतो."

"मग बदला."

"बदलून बघा," भाऊ म्हणाला, "मी इकडचा प्लगच काढतो."

बसचालकाने घड्याळ डोळ्यांना टेकवून पाहिलं. "नंबर कागदावर लिहून दिलात, तर मी देतो की नेऊन. रस्ताच तर ओलांडायचाय."



"तुम्हाला दिसत नाही, रस्ता कसा ओलांडाल?" ताई म्हणाल्या.

"तुम्ही धरा की हात."

ताईंनी चिठ्ठी लिहिली आणि चालकाचा हात धरून रस्ता ओलांडला. भाऊ आत असताना त्या कारखान्याची पायरी पहिल्यांदाच चढत होत्या. भावाने आधी चालकाकडे पाहिलं, मग ताईंकडे आणि खुर्ची पुसून पुढे केली. ताई बसल्या नाहीत. त्याने चिठ्ठी वाचली.

"तासाभरात देतो," तो चालकाला म्हणाला. मग खाली बघत, "आणि ताई, संध्याकाळपर्यंत अजून चार-पाच गिऱ्हाइकं येतील, त्यांचं काय?"

"त्यांचं काय म्हणजे? एकेकाचा हात धरून आणत बसू इथं, या वयात?" ताईंनी श्वास घेतला. "ते काही नाही. तू परत ये."