चिलखतातला मेहुणा

तलवारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात ते मार्गदर्शक होते, तेही हंगामी, आणि आयुष्यात त्यांनी चालवलेलं सर्वात धारदार शस्त्र म्हणजे दाढीचं ब्लेड! पण बोलणं ऐकावं तर वाटावं, स्वारी कालच रणांगणावरून परतलीय.

"चिलखतावर वार करणारा महामूर्ख!" ते बायकोला सांगत होते. "लोखंडावर तलवार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एक हात मुठीवर ठेवायचा, दुसऱ्यानं पातंच मधोमध धरायचं आणि टोक फटीत घुसवायचं. बगलेत! गुडघ्यामागे! रविवारी प्रात्यक्षिक जमलं की नोकरी कायम. संचालकांनी शब्द दिलाय."

"आणि चिलखत घालणार कोण?"

"तुझा भाऊ. नाहीतरी घरी बसूनच असतो."

मेहुण्याला चिलखतात कोंबताना दोघांनाही घाम फुटला.

"भाओजी, लागणार नाही ना?"

"अरे, तलवार लाकडी आहे. तू नुसता उभा राहा. तेवढं तरी जमेल ना?"

रविवारी दालन गच्च भरलं. पहिल्या रांगेत संचालक. त्यांच्या शेजारी सासूबाई, लेकाचं कौतुक बघायला आलेल्या, मांडीवर लांब दांड्याची छत्री. आपला लेक मार खाणाऱ्या बाजूला आहे, हे त्यांना सांगायची हिंमत कुणालाच झाली नव्हती.

तलवाररावांनी लांबलचक भाषण ठोकलं, पातं मधोमध धरलं आणि टोक नेमकं मेहुण्याच्या बगलेत घातलं.

इथे एक बारीकसा घोळ झाला. मेहुण्याला गुदगुल्या फार! आणि शिरस्त्राणाच्या आत हसणारा माणूस बाहेरच्यांना कसा ऐकू येतो, याचा अभ्यास आमच्या पंडितांनी केलेला नव्हता.

"ऊंऽऽ! हुऽऽ! नको! मेलो, भाओजी, मेलो!"

लोक शहारले. "काय जिवंत अभिनय!" संचालक पुटपुटले. ते ऐकून तलवाररावांना असा चेव आला की त्यांनी दुसरी बगल गाठली. मेहुणा गडगडला. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला!

"माझ्या पोराला मारलं हो!"

सासूबाई उठल्या. एक हात छत्रीच्या मुठीवर, दुसरा दांड्याच्या मधोमध. टोक थेट तलवाररावांच्या बगलेत!

"आई, ऐका तर..."

ऐकतंय कोण! छत्री उलटी झाली, वाकडी मूठ गुडघ्यामागे अडकली, एक हिसका, आणि जावईबापू उताणे! सासूबाई त्यांच्या छातीवर ठाण मांडून बसल्या. जावयाच्या अंगात चिलखत नव्हतं, साधा सुती सदरा होता.

"अगं आई, मी हसत होतो!" मेहुणा जमिनीवरून ओरडला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

टाळ्यांनी दालन दणाणलं. संचालक खुर्चीवरून उठून आले आणि वाकून म्हणाले, "अप्रतिम! नोकरी कायम!"

छातीवर सासू असतानाही तलवाररावांना आनंदानं भरून आलं.

"मात्र दर रविवारी हाच प्रयोग हवा. या बाईंसकट. त्या नसतील तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर नोकरीही नाही."

तलवाररावांनी खालूनच हात जोडले. "आई, दर रविवारी याल ना?"

सासूबाईंनी छत्री सरळ केली.

"नुसतं रविवारी येऊन कसं भागेल, जावईबापू? रोजचा सराव नको? मी उद्यापासून तुमच्याकडेच राहायला येते."