चौथ्या दालनातले आजोबा

चित्रसंग्रहालयाच्या चौथ्या दालनात मावशी पावणेअकराला फडकं घेऊन शिरल्या आणि दहा पन्नासला त्यांच्या हातून एक म्हातारा माणूस हरवला.

मावशी या दालनाच्या राखणदार. सव्वीस वर्षांत त्यांच्या भिंतींवरच्या राण्या, सरदार आणि फुलदाण्यांपैकी कोणी जागचं हललं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र कोपऱ्यात एक मोठा पडदा आला. पडद्यावर एका आजोबांची खोली होती. खुर्ची, खिडकी, शेगडी, चार कुंड्या. समोरच्या बाकावर बसून रिमोटची बटणं दाबली की आजोबा कुंड्यांना पाणी घालत, दूध तापवत, खिडकीतून बाहेर बघत बसत. गोळीबार नाही, गुण नाहीत, जिंकणं नाही. येणारे लोक याला व्हिडिओ गेम म्हणत आणि संचालकबाई कलाकृती म्हणत.

“याची दुसरी प्रत नाही,” संचालकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “यात जे होईल ते कायमचं. कुंडी वाळली तर वाळली.”

तेव्हापासून मावशी रोज घरी जायच्या आधी कुंड्या बघून जात.

आज अकरा वाजता समिती येणार होती. हा खेळ कला मानायचा की नाही, ते ठरायचं होतं. कला नाही असं ठरलं तर पडदा जाणार, त्याच्याविना इथे कोणी फिरकत नाही म्हणून दालन बंद होणार आणि मावशींची बदली तळघरातल्या गोदामात होणार. गोदामात खिडकी नव्हती. उंदीर होते.

म्हणून तर त्या रिमोट घासूनपुसून लख्ख करायला बसल्या. फडक्याखाली कोणतं बटण दाबलं गेलं, ते त्यांना कळलं नाही. आजोबांनी शेगडीवर दूध ठेवलं. मग कोट चढवला, काठी घेतली, दार उघडलं आणि ते बाहेरच्या धुक्यात चालते झाले.

“अहो, कुठे निघालात?” मावशी म्हणाल्या.

खोली रिकामी. मावशींनी दिसेल ते बटण दाबलं, तसं दार धाडकन बंद झालं. आजोबा बाहेर, दूध आत. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि शेगडीतून धूर निघू लागला.

मावशींनी इमारतीच्या वायरमनला फोन लावला.

“बंद करून परत चालू करा,” तो म्हणाला.

“माणूस बाहेर असताना?”

“कोण माणूस?”

“आतले आजोबा. धुक्यात गेलेत. अंगात साधा कोट आहे.”

वायरमन म्हणाला, “मावशी, तुम्ही आधी पाणी प्या.”

पाणी प्यायला वेळच मिळाला नाही. जिन्यावर पावलं वाजली. पुढे संचालकबाई, मागे समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नामांकित चित्रकार, आणि त्यांचं मत सगळ्या इमारतीला पाठ होतं. समितीतल्या बाकीच्यांनी ‘अध्यक्ष म्हणतील तसं’ असं आधीच कळवून टाकलं होतं. मावशी पडद्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या, पण पडदा त्यांच्यापेक्षा बराच रुंद होता.

“मी स्पष्टच सांगतो, हे खेळणं आहे,” चित्रकार म्हणाले. “बटण दाबलं की हलतं, त्याला कला म्हणायचं तर मिक्सरलाही म्हणा.”

संचालकबाईंचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण त्या हुशार होत्या. “बघा ना,” त्या म्हणाल्या, “रिकामी खुर्ची. माणसाच्या नसण्याचं केवढं प्रभावी चित्रण आहे.”

एवढ्यात पडद्यावर दारावर थाप पडली. टक, टक.

चित्रकार थबकले. “बाहेर कोण आहे?”

पुन्हा थाप. या वेळी हळू.

“आजोबा आहेत,” मावशींना हुंदका आवरेना. “माझ्या हातून दार लागलं. केव्हापासून थंडीत आहेत हो.”

“मग उघडा की दार.”

“मला भीती वाटते. मी जे दाबते त्याने वाईटच होतं.”

संचालकबाई एक पाऊल मागे सरल्या. चित्रकारांनी दोघींकडे बघितलं. “मी बुडणाऱ्या नावा रंगवल्या,” ते म्हणाले. “लोक समोर उभे राहून वाहवा करत. कोणाला वाचवायची जबाबदारी नव्हती.” आणि त्यांनी रिमोट उचलला.

तिसऱ्या बटणाला दार उघडलं. बाहेर फक्त धुकं होतं.

चित्रकार मटकन बाकावर बसले. “मला उशीर झाला,” ते पुटपुटले. संचालकबाईंनी खेळ बनवणाऱ्या मुलीला फोन केला. ती समोरच्याच रस्त्यावर राहायची. पाच मिनिटांत धापा टाकत ती दालनात आली. मावशींनी फडक्यापासून धुरापर्यंत सगळं सांगून टाकलं आणि गोदामात जायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

“फिरायला गेलेत ते,” मुलगी म्हणाली. “दार बंद दिसलं की घराला वळसा घालून मागून येतात. बसा सगळे.”

मावशी आणि संचालकबाई चित्रकारांच्या शेजारी बाकावर बसल्या. चित्रकारांनी मावशींचा हात घट्ट धरला होता आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

सात मिनिटांनी मागच्या दारातून आजोबा आले. त्यांनी कोट काढला, करपलेली शेगडी बघितली, जमिनीवर सांडलेलं दूध बघितलं. मग मान वर करून सरळ बाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बाकावरच्या तिघांनीही माना खाली घातल्या.

“चुकलं हो,” मावशी हळूच म्हणाल्या.

आजोबांनी शेगडी पुसली, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि ते पाठ फिरवून खुर्चीत बसले.

“मी साठ वर्षं चित्रांकडे रागावून बघत आलोय,” चित्रकार म्हणाले. “उलट कोणी बघितलं नव्हतं.” त्यांनी ठरावाचा कागद मागितला आणि मान्यतेखाली सही केली. सही वाकडीतिकडी आली.

“आता हे पाठ फिरवून किती वेळ बसतील?” संचालकबाईंनी विचारलं. बारा वाजत आले होते आणि खाली लोकांची रांग लागली होती.

“सांगता येत नाही,” मुलगी म्हणाली. “माझ्याकडे असताना एकदा चार दिवस बसले होते.”

संचालकबाई डोक्याला हात लावून खाली गेल्या. चित्रकार काही बाकावरून उठेनात. लोकांसाठी दालनाचं दार उघडलं तेव्हा मावशी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि एकेकाला बाजूला घेऊन सांगू लागल्या, “आत जा, पण हळू बोला. आजोबा रागावलेत, आणि बाकावरच्या दुसऱ्या आजोबांना त्यांची क्षमा मागायची आहे.”